लोकर तीन किलो, आवक शून्य

एस.टी.त अठ्ठावीस वर्षं कंडक्टर होतो, त्यामुळे माण तालुक्यातल्या आमच्या गावात मी आजही मास्तरच. 2021 च्या मे महिन्यात निवृत्त झालो. कोरोनाची दुसरी लाट चालू होती, निरोप समारंभाचा प्रश्नच नव्हता. पेटी जमा केली, रजिस्टरवर सही केली, घरी आलो. अडीच एकर जिरायत, फाल्गुनात तळ दाखवणारी विहीर आणि दोन्ही पोरं पुण्याला. दोन महिने ओट्यावर बसून काढले, तेव्हा ही म्हणाली, "आता एकतर तुम्ही काहीतरी करा, नाहीतर मी तरी पोरांकडं जाते."

मेंढरांचं डोक्यात आलं ते घोंगडीमुळं. आजोबांची काळी घोंगडी ट्रंकेत होती. तिची खोळ करून वडील भर पावसात बांध धरायला जायचे आणि आत कोरडे राहायचे. उघडून पाहिली तर कसरीनं पार चाळण केलेली. नवी आणावी म्हणून चौकशी केली, तर बाजारात मिळते ती बहुतेक मिसळीच्या धाग्याची. म्हटलं, दहा मेंढरं पाळू. स्वतःच्या लोकरीची घोंगडी विणून घेऊ, उरलेली लोकर विकू, कोकरं होतील ती वरकड. हिशेब असा उलट्या टोकानं धरला होता हे मला लोकर हातात आल्यावरच कळलं.

आम्ही काही धनगर नव्हे. पण शेजारच्या वस्तीवरचे तात्या पिढीजात मेंढके. दिवाळी झाली की त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरता कबिला, कृष्णाकाठाला उतरायचा, मृगाच्या तोंडावर माघारी यायचा. आता गुडघे गेल्यामुळं तात्या घरी असतात, पोरं वाड्याबरोबर फिरतात. त्यांना बेत सांगितला. ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले.

"मास्तर, बकरी राखायची म्हंजी रोजची डूटी. सुट्टी न्हाई, रजा न्हाई, बदली कंडक्टर न्हाई."

(आमच्याकडं धनगर मेंढीला बकरीच म्हणतात. शहरातला माणूस हे ऐकून शेळी समजतो आणि पुढचं सगळं संभाषण फुकट जातं.)

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी आम्ही लोणंदच्या बाजाराला गेलो. नेमका एस.टी.चा संप चालू होता, त्यामुळं जन्मभर फुकट पासावर फिरलेला मी त्या दिवशी वडापच्या जीपला पैसे देऊन गेलो. बाजारात मी पाहत होतो अंग, तात्या पाहत होते तोंड. मेंढीला पुढचे दात खालच्याच जबड्यात असतात, वर नुसती कडक हिरडी. खालचा ओठ अंगठ्यानं ओढला की वय कळतं. बारीक दुधाचे दात म्हणजे वर्षाच्या आतली, मधले दोन रुंद आलेले म्हणजे दोनदाती, सव्वा-दीड वर्षाची. मग चारदाती, सहादाती, आठही आले की जुळली. दात झिजून फटी पडलेली असेल तर ती म्हातारी, तिला माळावरचं बारीक गवत तोडता येत नाही आणि ती चरूनही खंगते.

मला एक ऐन भरातली, तुकतुकीत मेंढी आवडली. तात्यांनी तिच्या कासेला हात घातला आणि सोडून दिली. "एक सड दगड झालाय. काससुजी होऊन गेलीय. कोकरू अर्ध्या पोटी मरंल." मग प्रत्येक मेंढीच्या डोळ्याची खालची पापणी त्यांनी मला उलटून दाखवली. आतून लाल-गुलाबी असेल तर रक्त आहे. पांढरट असेल तर पोटात जंत आहेत, ते रक्त पितायत. हनुवटीखाली मऊ सूज लोंबत असेल तर गोष्ट फार पुढं गेली. मी एस.टी.त नोटा अशाच उजेडात धरून पाहायचो.

सौदा रुमालाखाली झाला. हेड्यानं, म्हणजे दलालानं, आणि तात्यांनी भाव सांगायला रुमालाखाली एकमेकांची बोटं धरली. दोघांचे चेहरे असे की जणू कुणाच्या मयताला आलेत. तीन वेळा हात सुटले, चौथ्यांदा जमलं. दहा मेंढ्या 95,000 रुपयांना, त्यातल्या सात काळ्या-करड्या. काळ्या मी हट्टानं निवडल्या, घोंगडीसाठी. सगळ्या दख्खनी.

माझा भाचा म्हणत होता माडग्याळ घ्या. जत तालुक्यातली ती उंच, पोपटासारख्या बाकदार नाकाची, अंगावर तांबूस ठिपके असलेली जात. आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला 70 लाखांची बोली लागल्याची बातमी त्याच्या मोबाइलवर होती. तात्यांना दाखवली तर म्हणाले, "आन् त्यो इकला का?" मालकानं दिला नव्हता. "मग बोलीनं पोट भरतं व्हय?" माडग्याळ भरभर वाढते हे खरं, पण तिला खायलाही तसंच लागतं आणि अंगावर लोकर बेताचीच. आमचा माळ दख्खनीचाच.

मेंढा मात्र मी फलटण तालुक्यातून आणला, 18,000 ला. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या बुटक्या गॅरोल मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनीत आणलाय, ती ही नारी सुवर्णा. दख्खनी एका वेताला एकच कोकरू देते, जुळं क्वचित. गॅरोलमधला जनुक एकच आहे, पण त्याच्यामुळं बीजं जास्त सुटतात. माझा मेंढा त्या रक्ताचा, दोन्ही बाजूंनी जनुक असलेला. मी घरी येऊन जाहीर केलं, आता सगळ्या मेंढ्यांना जुळी होणार. पशुवैद्यक डॉक्टर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं: बीजं सुटतात मेंढीत. मेंढा जनुक देतो तो त्याच्या लेकींना. जुळी होतील ती त्या लेकींना, आणखी दोन वर्षांनी. तोवर गावभर सांगून झालं होतं.

शेड साधं. मेंढीमागं दहा चौरस फूट, खाली मुरूम, वर पत्रा, पश्चिमेकडून वारा अडवायला तुराट्यांचा कूड. चरायला सोडायचं ते दव उतरल्यावरच, सकाळी नऊच्या आधी नाही. ओल्या पात्यावर जंतांची पिल्लं वर चढून बसलेली असतात. संध्याकाळी परत आल्यावर वाघर लावून मोजणी. सुती दोरखंडाची ती जाळी चार खुंट्यांना ताणली की मेंढरं तिच्यात गप उभी राहतात. मनात आणलं तर उडी मारून जातील, पण आणत नाहीत. मोजणीत मी तरबेज. मेंढरू हलत असताना मोजायचं, उभं असताना नाही. चालत्या गाडीत सीटा मोजण्यापेक्षा सोपं आहे, ही तिकीट चुकवत नाहीत.

घेतलेल्या दहांपैकी सात गाभण निघाल्या. बाजारात ते सांगितलंही होतं, पण बाजारात सगळ्याच गाभण असतात. मेंढीचे दिवस पाच महिने, दीडशेच्या दोन-तीन आत-बाहेर. जानेवारी 2022 मध्ये पहिली व्याली. रात्री दोन वाजता गोठ्यातून पाय आपटल्याचा आवाज आला. बॅटरी घेऊन गेलो. मेंढी कोपऱ्यात जमीन खुरांनी उकरत होती, बसत होती, उठत होती. पाण्याची पिशवी फुटलेली. मागं पाहिलं तर एक खूर आणि एक नाकपुडी. दोन खूर आणि त्यावर नाक असं पाहिजे, एवढं मी ऐकून होतो. दुसरा पाय कुठंय?

हिला तात्यांकडं पिटाळलं. ते काठी टेकत आले, हात साबणानं कोपरापर्यंत धुतले, खोबरेल लावलं. म्हणाले, "तुमचा हात बारीक हाय, तुम्हीच घाला." मी घातला. आत इतकं गरम असेल असं वाटलं नव्हतं. तात्या बाहेरून सांगत होते: आधी डोकं मागं ढकला, कळ येऊन गेल्यावर ढकला, कळेच्या अंगावर जाऊ नका. मग खांद्यावरून बोट घसरवत खाली. गुडघा सापडला. खूर तळहातात झाकून घ्या, नाहीतर गर्भाची पिशवी फाटंल. मुठीत खूर धरून पुढं ओढला आणि पुढच्या कळेला कोकरू ओल्या गोणपाटासारखं माझ्या मांडीवर पडलं. हलेना. तात्यांनी नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला, मागचे पाय धरून दोनदा झुलवलं, वाळलेल्या गवताची काडी नाकपुडीत घातली. ते शिंकलं.

नाळेला टिंक्चर आयोडीन लावलं. तासाभराच्या आत चीक पोटात गेलाच पाहिजे. अडीच किलोच्या कोकराला दिवसभरात पाव लिटर तरी. सडाच्या तोंडाशी मेणासारखा खडा असतो, तो आधी दोन धारा काढून मोकळा करावा लागतो. नाहीतर कोकरू चोखतं, आपल्याला वाटतं पितंय, आणि सकाळी ते थंड पडलेलं असतं. हे मला तिसऱ्या वेताला समजलं, पण ते कोकरू हिनं चुलीपुढं पोत्यात गुंडाळून वाचवलं. सातांतून सहा जगली, एक मेलेलंच जन्मलं. तात्या म्हणाले, पहिल्या वर्षी एवढं लई झालं.

आणि मग आली कातरणी.

दख्खनी वर्षातून दोनदा कातरतात. आम्ही पहिली कातरणी फेब्रुवारीच्या शेवटी केली. आदल्या दिवशी विहिरीवर मोटर लावून एकेक मेंढी धुतली, ऊन खाऊ दिलं. कातरणारे दोघं सकाळी आले, सोबत त्यांच्या लांब पात्यांच्या कातरी आणि एक सहाण. मेंढी ताडपत्रीवर आडवी पाडायची, तीन पाय एकत्र बांधायचे. पोटापासून सुरुवात. डाव्या हातानं कातडी ताणून धरायची, कारण मेंढीची कातडी सैल असते आणि सुरकुतीत कातर गेली की फाटलीच. कातर उघडते-मिटते त्याचा चर्र-चर्र आवाज, आणि लोकर एका सलग पदरासारखी बाजूला लोळत जाते. वरून मळकट, उन्हानं विटलेली तांबूस. आतून काळीभोर, तेलकट. हाताला तो तुपट वास दोन दिवस राहतो. एका मेंढीला दहा-बारा मिनिटं. मी एक करून पाहिली, पाऊण तास लागला. ती उठली तेव्हा उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसत होती, बाकीच्या मेंढ्या तिला हुंगून बाजूला झाल्या.

अकरा अंगांची मिळून लोकर भरली 3 किलो 100 ग्रॅम. म्हणजे अंगी तीनशे ग्रॅमही नाही. मी ताणकाटा दोनदा पाहिला. कातरणाऱ्यांना अंगी 30 रुपये ठरले होते, 330 झाले, शिवाय जेवण. लोकर घ्यायला येणाऱ्यानं पोत्यात हात घातला, कुसळं आणि गोखरू पाहून तोंड वाकडं केलं, आणि किलोला 12 रुपये म्हणाला. तीन किलोचे सदतीस रुपये. मी हसलो, त्याला वाटलं मी वाढवून मागतोय. तो म्हणाला, "मास्तर, कितीतरी वाडं लोकर वड्यात टाकून देत्यात आता."

खरं आहे ते. दख्खनी लोकर जाडीभरडी, त्यात केस मिसळलेले. मऊ स्वेटरला लागते ती बाहेरून येणारी मेरिनो. आपल्या काळ्या लोकरीवर रंगही चढत नाही. ती लागायची घोंगडीला आणि जेनाला, म्हणजे लोकर थापून केलेल्या जाड अंथरुणाला, आणि आता घरोघरी सोलापुरी चादर नाहीतर चायना ब्लँकेट. मग कातरता कशाला, असं पुण्याच्या सुनेनं विचारलं. कातरावंच लागतं. नाही कातरलं तर पावसात लोकर भिजून अंगाला चिकटते, खाली गोचीड माजतात, शेपटीखाली लेंडी लागून जखम झाली की त्यात अळ्या पडतात. माझ्या वहीत तेव्हापासून लोकरीला एक वेगळा रकाना आहे. वही मी वेबिलासारखी, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदासारखी आखलीय, डावीकडं जावक, उजवीकडं आवक. त्या दिवशी लिहिलं: लोकर 3 किलो 100, जावक 330, आवक शून्य. सदतीस रुपये मी घेतलेच नाहीत. काळी लोकर वेगळी काढून कडुनिंबाचा पाला घालून पोत्यात भरली. पांढरी भावकीतल्या एकाच्या डाळिंबाच्या आळ्यात अंथरली. ओल धरून ठेवते, पण कुजायला फार वेळ घेते.

पैसा लोकरीत नाही, कोकरात आणि लेंडीत आहे, हे मान्य केल्यावर मी कोकरं पोसायला लागलो. जरा जास्तच. 2022 चा जून कोरडा गेला, जुलैत पाऊस लागला आणि आठ दिवसांत माळ हिरवा झाला. मेंढरं अधाशासारखी कोवळ्या पात्यावर पडली. वरून मी दोन थोराड नरांना मक्याचा भरडा चारत होतो, वाढवायचे म्हणून. एका सकाळी त्यातला मोठा वाघरीत मान मागं टाकून पडलेला, पाय हवेत सायकल मारल्यासारखे. दुपारपर्यंत गेला. दुसरा दुसऱ्या दिवशी. आदल्या संध्याकाळी दोघंही टकरा घेत होते.

डॉक्टरांनी चिरून पाहिलं. मूत्रपिंड बोटानं दाबलं तर भिजलेल्या कागदाच्या लगद्यासारखं. आंत्रविषार. हे जंतू आतड्यात नेहमीच असतात. झेपणार नाही एवढं सकस खाणं एकदम पोटात पडलं की माजतात आणि विष सोडतात. म्हणून मरतं ते नेहमी कळपातलं सगळ्यात चांगलं, सगळ्यात खादाड कोकरू. लस आहे, पावसाळ्याआधी टोचायची, पंधरा दिवसांनी दुसरा डोस. लसीकरण आमच्या वस्तीवर मे महिन्यात झालंही होतं. मी पुण्याला लग्नात होतो. येऊन म्हटलं, ठणठणीत तर आहेत, बघू पुढच्या वेळी. दोष कुणाला द्यायची सोयच नाही.

त्याच वेळी डॉक्टरांची नजर फळीवरच्या पुड्यावर गेली. गायीम्हशींचं क्षारमिश्रण. भावकीतल्या एकानं दिलं होतं, मी चिमूट-चिमूट घालत होतो. त्यांनी ते उचलून माझ्या हातात दिलं, परत करायला सांगितलं. त्यात तांबं असतं. गायीला चालतं, मेंढीच्या यकृतात ते साचत जातं आणि एके दिवशी कावीळ होऊन जनावर बसतं. मेंढीसाठीचं वेगळं मिळतं. मी चांगलं म्हणून काय काय करत होतो याची यादी मोठी होती.

आणखी एक: मेंढा मोकळा ठेवला होता. मार्चमध्ये मेंढ्या फळल्या आणि ऑगस्टमध्ये, भर चिखलात, नऊ कोकरं पडली. तीन न्यूमोनियानं गेली. तेव्हापासून मेंढ्याच्या पोटाखाली फडकं बांधतो. मेंढीवर चढला तरी काम होत नाही. पाहिजे तेव्हाच सोडतो. त्याच्याआधी तीन आठवडे मेंढ्यांना रोज मूठ-दोन मूठ धान्य, म्हणजे त्या चांगल्या माजावर येतात. मेंढीचा माज सतरा दिवसांनी फिरतो, त्यामुळं मेंढा पाच-सहा आठवडे सोडला की बहुतेक सगळ्या उरकतात आणि कोकरं एकदमच पडतात, पाठोपाठ जागरण होतं पण एकदाच होतं. दर दोन वर्षांनी मेंढा बदलायचा, लेकींवर बाप सोडायचा नाही. जंताच्या औषधाचं म्हणाल तर वजन करून द्यायचं आणि आलटून-पालटून द्यायचं, एवढंच. या सगळ्याला तात्या एका वाक्यात "वक्तशीर" म्हणतात. डेपोत हाच शब्द आमच्या बोर्डावर होता.

ऑगस्टच्या कोकरांतल्या वाचलेल्या सहांपैकी चार नर. ते 2023 च्या बकरी ईदला विकले. त्या वर्षी आषाढी एकादशी आणि ईद एकाच दिवशी, 29 जूनला होती. मी आधीच्या गुरुवारी लोणंदला गेलो. माउलींची पालखी पुढं गेली होती, पण बाजारकट्ट्यापर्यंत अजून वारीच्या खुणा होत्या, पत्रावळी, दोऱ्या, रंगीत पताका. त्यात गाड्या भरून मेंढरं. माझे चौघे पंचवीस-सव्वीस किलोंचे. रुमालाखाली या वेळी माझा हात होता. गिऱ्हाईक मुंबईकडचं, बोटं जाड, अंगठी टोचत होती. चौघांचे 43,000 आले. गाडीत चढवताना त्यातला एक, ज्याला मी हातानं शेवरी चारायचो, फळीवर पाय ठेवीना. मीच मागून ढकलला. परतीच्या एस.टी.त कंडक्टर ओळखीचा निघाला, शेजारी बसून खूप बोलत होता. मी हो-हो करत राहिलो.

त्याच वर्षी पाऊस दडी मारून बसला. ऑगस्ट अख्खा कोरडा. दिवाळीआधीच वाडे हलले, माळावर नुसती धूळ. हरभऱ्याचं भुसकट विकत आणलं, बाभळीच्या शेंगा झोडून आणल्या; मेंढरं त्या कडाकडा खातात, बिया रवंथ करताना थुंकतात, सकाळी वाघरीत सडा पडलेला असतो. चार म्हाताऱ्या मेंढ्या पडत्या भावानं विकल्या. त्या वर्षी वही मी महिना-महिना उघडत नव्हतो. उत्पन्न होतं ते लेंडीखताचं, पोत्याला 100 रुपये, डाळिंबवाले दारातून न्यायचे. भुसकटाचं बिल त्यातून निम्मं निघालं.

आणि अशा वर्षात त्या मेंढ्यानं शब्द पाळला. 7 मे 2024, लोकसभेचं मतदान. बोटाला शाई लावून घरी आलो तर ऑगस्टात जन्मलेली त्याची एक लेक, पहिलटकरीण, बाभळीखाली व्यालेली. एक कोकरू चाटत होती. दुसरं दोन हातांवर ओलं पडलेलं, माशा बसलेल्या. ज्या जुळ्यांची मी गावभर दवंडी दिली होती ती अडीच वर्षांनी आली, तीही टँकरच्या पाण्यावर. दुसरं कोकरू तिच्या पुढ्यात नेलं तर तिनं डोक्यानं उडवलं. पुन्हा नेलं, पुन्हा उडवलं. व्याल्यावर पडलेल्या वारेचा चिकटा दोघांना सारखा फासला, मेंढीला दावं लावलं, तिघांना तुराट्यांच्या खुराड्यात कोंडलं. तीन दिवसांनी तिनं दुसऱ्याला घेतलं, पण दूध एकापुरतंच. मग ते हिच्याकडं आलं, शेळीचं दूध, बाटली, चार-चार तासांनी. हिनं त्याचं नाव ठेवलं जादा. यात्रेला जशी जादा गाडी सोडतात तशी. रात्री दोनचं दूध माझ्याकडं होतं. अंधारात बाटलीला धडका देत ते शेपूट अशी हलवायचं की मला माझी मुक्कामाची गाडी आठवायची, ड्रायव्हर झोपलेला आणि मी टपावर चांदण्यात.

काळ्या लोकरीचं पोतं सहा कातरण्यांत भरलं. धुऊन, कुसळं वेचून साडेपाच किलो. कोकरांचं पहिलं जावळ वेगळ्या पिशवीत, ते सगळ्यात मऊ. 2024 च्या दिवाळीनंतर ते म्हसवडला एका सणगर म्हाताऱ्याकडं नेलं. त्यानं मूठभर काढून ताणली, उजेडात धरली, नाकाशी नेली. पोतं खाली ठेवायला सांगितलं. सूत कातायला बायका मिळत नाहीत, म्हणाला, उन्हाळा उजाडेल. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावायची ती उन्हातच वाळते. किती हात, विचारलं. आजोबांची किती होती मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, माणूस खोळ करून पावसात उभा राहील एवढी. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि आकडा लिहिला.

घोंगडी मेच्या शेवटी मिळाली. दोन पट्ट्या मधोमध टाचलेल्या, खळीमुळं पत्र्यासारखी कडक, कडेला जावळाच्या धाग्याची बोटभर किनार. पिंजणी, सूत, विणकाम मिळून 3,800 रुपये. दुकानात दीड हजाराला घोंगडी मिळते हे मला ही रोज सांगते. सुनेनं फोटो मागवला आणि मैत्रिणींना दोन हव्यात म्हणून कळवलं. मी कळवलं, तीन वर्षं थांबा.

आज खांडात, म्हणजे कळपात, एकोणीस अंगं आहेत. जादा आता दोनदाती आहे, परवा तिला मेंढा दाखवला. येत्या गुरुवारी दोन नर लोणंदला न्यायचेत, त्यातल्या एकाच्या खुरात चिखल्या वाटतायत, आज त्याला मोरचुदाच्या पाण्यात उभा करायचाय. कातरणारे पुढच्या आठवड्यात येतो म्हणालेत. अंगी 40 मागतायत.